विचारलं तरच सांगायचं

सकाळी मी निवृत्त मुख्याध्यापिका असते. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी, हातात जुन्या रिपोर्टांची फाइल आणि तक्रार छातीत दुखण्याची. दुपारी जेवण झालं की मी चार घरची धुणीभांडी करणारी सुमन होते. विटलेली नायलॉनची साडी, पदर कमरेला खोचलेला, तक्रार खोकल्याची. चेहरा तोच, खोली तीच, विद्यार्थीही बहुतेकदा त्याच बॅचचे. सकाळी ही मुलं 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणत आत येतात, मी बसेपर्यंत उभी राहतात. दुपारी सुरुवात होते ती 'हं मावशी, काय होतंय?' अशी. मावशी म्हणण्यात वावगं काहीच नाही. पण सकाळी माझ्या दिशेनं सरकलेली खुर्ची दुपारी जागची हलत नाही, आणि एखादा 'कधीपासून खोकतेयस?' इथवरही येतो. तो मुलगा उद्धट नसतो. त्याच्या घरी कामवाल्या बाईशी जसं बोलतात तसंच तो बोलत असतो, आणि आपण तसं बोलतोय याचा त्याला पत्ताही नसतो. तो पत्ता लागावा म्हणूनच मला तिथं मानधन देऊन बसवलेलं असतं.

या कामाला 'सिम्युलेटेड पेशंट' म्हणतात. कॉलेजात सगळे नुसतं 'एसपी' म्हणतात. आमच्या सासूबाईंचा शब्द याहून सरळ आहे. मी सकाळी पिशवी भरायला लागले की त्या विचारतात, "आज खोटं आजारी पडायला जायचंय का?"

माझी नोकरी बँकेतली आणि हौस नाटकाची. बँकांच्या स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, गणपतीतले प्रयोग असं करत वर्षं गेली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आमच्याच ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीनं पुण्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजातून बोलावणं आलं. 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम देशभर बदलला आणि वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचा 'एटकॉम' नावाचा भाग त्यात सक्तीचा झाला. त्यातल्या पहिल्या वर्षाच्या एका पाठात शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या देहाला विद्यार्थ्यांचा पहिला शिक्षक म्हटलं आहे. मला ते आवडलं. फक्त हा पहिला शिक्षक कितीही वेडंवाकडं कापलं तरी तक्रार करत नाही. पुढं कधीतरी तक्रार करणाराही शिक्षक भेटायला हवा.

बरीच कॉलेजं हे काम विद्यार्थ्यांकडूनच उरकून घेतात. एकानं डॉक्टर व्हायचं, दुसऱ्यानं पेशंट. ते स्वस्त पडतं, पण मी पाहिलं आहे, पहिलं मिनिटभर दोघं हसत असतात आणि मग पेशंट झालेला मुलगा पुस्तकात दिलेल्या क्रमानं सगळी लक्षणं घडाघडा सांगून मोकळा होतो. खरा माणूस असा कधी सांगतो?

ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली तो हॉवर्ड बॅरोज नावाचा मेंदूविकारतज्ज्ञ. 1963 साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यानं चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला तयार केलं. दोन्ही पाय लुळे पडलेल्या एका खऱ्या रुग्ण स्त्रीचा सगळा आजार त्यानं तिच्या अंगवळणी पाडला आणि विद्यार्थ्यांची परीक्षा तिच्यावर घेतली. गाव हॉलिवूडचं, त्यामुळे थट्टा झालीच. पण मला बॅरोजची त्याआधीची एक आठवण जास्त महत्त्वाची वाटते. तो न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना एका खऱ्या रुग्णाला तज्ज्ञांच्या परीक्षेत 'केस' म्हणून ठेवलं होतं. एका उमेदवारानं त्याला फार आडदांडपणे तपासलं. रुग्णानं मग काय करावं? तळव्यावर ओरखडा ओढल्यावर अंगठा वर जातो ती खूण त्यानं मुद्दाम दुसऱ्याच पायावर दाखवली, बधिरपणाच्या जागाही बदलून सांगितल्या, आणि नंतर हे सगळं खुशीत बॅरोजला येऊन सांगितलं. रुग्ण ठरवून खोटी लक्षणं दाखवू शकतो, हे बॅरोजला तिथं उमगलं. मला त्यातून आणखी एक दिसतं. त्या उमेदवाराला आपण का चुकलो हे कधीच कळलं नसणार. तो आपली न्यूरॉलॉजी कच्ची समजून पुन्हा पुस्तक वाचायला बसला असेल.

नीट वागवलं तरच रुग्ण खरं सांगतो, आमच्या संहिता लिहिलेल्या असतात त्या नेमक्या याच तत्त्वावर. नाटकाच्या संहितेत वाक्यं असतात आणि ती ठरल्या जागी येतात. इथं वाक्यं जवळपास नसतात. असतं ते एक माणूस आणि त्याची माहिती, ती काय केलं तर द्यायची या हिशेबानं कप्प्यांत घातलेली. पहिला कप्पा कुणालाही उघडा. दुसऱ्यावर लिहिलेलं असतं, 'विचारलं तरच सांगायचं.' तिसऱ्यावर, 'बरं वाटलं तर सांगायचं.' हा तिसरा कप्पा कधी उघडायचा हे कागद सांगत नाही. ते मी बसल्या जागी ठरवते, खरं तर माझं अंगच ठरवतं.

सुमनचंच घ्या. सुमनला क्षयरोग झालेला आहे. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात तिनं त्या सोडल्या आणि आता खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन घेऊन ती पुन्हा आली आहे. एवढं सगळं पहिल्या कप्प्यात. विद्यार्थ्याला शोधायचंय ते गोळ्या का सोडल्या हे.

दहातले सात विचारतात, "गोळ्या का बंद केल्या?" त्यातल्या तिघाचौघांच्या स्वरात पुढचं 'कळत नाही का' न बोलताही ऐकू येतं. त्याला सुमनचं उत्तर ठरलेलं आहे: "बरं वाटलं म्हणून." हे उत्तर डॉक्टरला पटतं, कारण पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे. मग गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू कसे दाद देईनासे होतात यावर छोटं व्याख्यान होतं, सुमन मान डोलावते, सात मिनिटं संपल्याची घंटा वाजते. विद्यार्थी समाधानानं बाहेर पडतो. त्याला काहीही मिळालेलं नसतं.

एका मुलीनं मात्र 'का' विचारलंच नाही. तिनं विचारलं, "मावशी, गोळ्या घ्यायचात त्या कधी, सकाळी?"

"सकाळीच. कुणी उठायच्या आत."

ती लिहीत होती. पेन थांबलं. "कुणी उठायच्या आत का हो?"

इतकंच. मी गप्प राहिले, कारण सुमन गप्प राहिली असती. ती मुलगीही गप्प राहिली, आणि विशीतल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या खोलीत गप्प राहणं किती जड जातं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. मग मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं, की घरी कुणाला माहीत नाही. मुलीचं लग्न ठरतंय. ज्यांच्याकडे काम करते त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, की गोळ्या चालू झाल्यापासून लघवी लाल व्हायची. चाळीत संडास सामाईक. एकदा शेजारणीनं विचारलं. वाटलं, आत काहीतरी फुटलंय आणि डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

रिफाम्पिसिन या गोळीनं लघवी नारिंगी-लाल होते, त्यात धोका काही नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. फार्मकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. पण पेशंटला ते आधीच सांगायचं असतं हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्या मुलीनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, ते रक्त नव्हतं. त्या गोळीचाच रंग आहे तो. आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." ही सगळी माहिती माझ्या संहितेत दुसऱ्याच पानावर छापलेली आहे. तरीही ते ऐकून माझे खांदे आपोआप खाली आले. भरतानं नाट्यशास्त्रात सात्त्विक अभिनय वेगळा काढला तो अश्रू, कंप, घाम, बदललेला स्वर यांच्यासाठी, जे मन गुंतल्याशिवाय अंगावर येत नाहीत. समोरचं माणूस नीट वागलं की आम्हा एसपींच्या अंगावर ते न बोलावता येतं, आणि नाही वागलं तर कितीही तालीम केली तरी येत नाही. कप्पा कधी उघडायचा हे अंग ठरवतं म्हणाले ते या अर्थानं.

कनवाळूपणा हा डॉक्टरकीवर वरून भुरभुरायचा पदार्थ नव्हे, हे मला या नोकरीनं शिकवलं. तो नसेल तर हिस्ट्रीच चुकते. ज्याला सुमनची लाज दिसली त्याला गोळ्यांचं कारण मिळालं. इतरांना मिळालं 'बरं वाटलं म्हणून'. आणि मग हेच डॉक्टर कँटीनमध्ये बसून म्हणतात की पेशंट खोटं बोलतात.

प्रसंग संपला की खरं काम सुरू होतं. मी भूमिकेतून बाहेर येते आणि विद्यार्थ्याला सांगते की त्याच्यासमोर बसून मला काय वाटलं. याचे नियम कडक आहेत. 'तू चुकलास' म्हणायचं नाही. 'डॉक्टरनं असं वागावं' म्हणायचं नाही, ते शिकवायला बाजूला प्राध्यापक बसलेले असतात. मी फक्त माझं सांगायचं, तेही नेमक्या क्षणासकट: "तुम्ही कागदाकडे बघत मुलं किती असं विचारलंत, तेव्हा मला वाटलं रेशनकार्डाचा फॉर्म भरताहेत. म्हणून मी पुढचं बोलले नाही." असं सांगितल्यावर वाद घालायला जागा उरत नाही. मला काय वाटलं यावर कोण हरकत घेणार? मुलं सुरुवातीला कानकोंडी होतात. मग बहुतेकांचा पहिला प्रश्न असा असतो, "मग तुम्ही आणखी काय सांगणार होतात?" न उघडलेला कप्पा त्यांना फार छळतो. हुशार मुलं आहेत, गुण सुटलेला त्यांना सहन होत नाही. माझी त्याला हरकत नाही. कुतूहल स्पर्धेतून आलं तरी ते कुतूहलच.

पाठ केलेली सहानुभूती मात्र मला ओळखू येते आणि राग आणते. कुठल्यातरी चेकलिस्टमध्ये 'एम्पथी दाखवली' असा चौकोन असतो, म्हणून मुलं मध्येच "मी तुमच्या भावना समजू शकतो" असं म्हणून घेतात. पुढचं स्टेशन येण्याआधी मेट्रोत होणाऱ्या घोषणेसारखं ते वाक्य येतं आणि जातं. एका मुलाला मी विचारलं, तुझ्या आजीला कुणी गेल्याचं कळलं तर तू काय म्हणशील? तो म्हणाला, काही नाही म्हणणार, जाऊन शेजारी बसेन. मग इथं का नाही बसलास? यावर तो हसला. खुर्ची टेबलाच्या पलीकडे होती म्हणाला.

'तुम्ही मुलांना नाटकं शिकवताय' हा आक्षेप सर्जरीतल्या एका ज्येष्ठ सरांनी माझ्या तोंडावर घेतला होता. मला तो अपमान वाटला नाही, पण नाटकाबद्दल त्यांची समजूत चुकीची आहे. तालमीत पहिल्या दिवशी कुणालाच काही वाटत नसतं. आधी कुठं उभं राहायचं, कुणाकडे बघायचं, किती थांबायचं हे बसवतात. बसवता बसवता कधीतरी आतलं जागं होतं, कधी होतही नाही, पण निदान प्रेक्षकाकडे पाठ केलेली नसते. ज्या डॉक्टरला आतून काही वाटत नाही तोसुद्धा बसून, डोळ्यांत बघून, मध्ये न तोडता बोलला तर माझं भागतं. मध्ये तोडण्यावरून आठवलं. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकनांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणं तपासली. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये पडत होता. आमच्या खोलीत मी घड्याळ लावलेलं नाही. लावलं तर आकडा काही फार वेगळा येईल असं वाटत नाही.

अमेरिकेत हे सगळं परीक्षेपर्यंत गेलं होतं. तिथं परवाना मिळवण्यासाठी 2004 पासून एसपींसमोर दिवसभर एकामागून एक बारा रुग्ण तपासावे लागत, केंद्रं फक्त पाच शहरांत, आणि फी हजार डॉलरच्या वर. आपल्याकडून रेसिडेन्सीसाठी जाणारी कितीतरी मुलं व्हिसा, विमान, मुक्काम असा खर्च करून ही 'सीएस' नावाची परीक्षा देऊन आलेली आहेत. माझ्या भाच्यानं त्यासाठी आरशासमोर दार ठोठावून आत येण्याचा सराव केल्याचं मी पाहिलंय. कोविडमध्ये ती परीक्षा थांबली आणि 2021 च्या जानेवारीत कायमची बंद झाली. तिथल्या मुलांचं म्हणणं होतं, जवळजवळ सगळे पास होतात, मग एवढा खर्च कशाला. पटण्यासारखं आहे. पण परीक्षा गेल्यावर सराव किती उरतो, ही शंका मला आहे.

आपल्याकडची अडचण वेगळीच. परदेशातून आलेल्या पद्धतींत खोलीत दोनच माणसं असतात, डॉक्टर आणि रुग्ण. वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची रीत 2000 साली कॅन्सरतज्ज्ञांनी मांडली. आमची मुलं ती शिकतात. त्यातली एक पायरी अशी की रुग्णाला आधी विचारायचं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? उत्तम. पण आपल्याकडे खोलीत मुलगा, सून, गावाकडचा मेव्हणा आणि केसपेपर धरून उभा असलेला कुणीतरी 'ओळखीचा' असतो, आणि दाराबाहेरच मुलगा डॉक्टरला गाठून म्हणतो, "आईला सांगू नका, ती खचेल."

म्हणून आम्ही एक प्रसंग असाच बसवला. मी आई, आमच्या ग्रुपमधला एक तरुण नट माझा मुलगा. पोटाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आलाय. मुलगा दारातच अडवतो. आईला, म्हणजे मला, सगळं आधीच कळलेलं आहे, फक्त मुलाला वाईट वाटेल म्हणून ती कळल्याचं दाखवत नाही. हे अर्थातच तिसऱ्या कप्प्यात. काही विद्यार्थी मुलाचं ऐकून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. काही मुलाला रुग्णाच्या हक्कांवर ऐकवतात, मग तो भडकतो. एका मुलानं, बीडकडचा होता, तिसरंच केलं. त्यानं मुलाला हाताला धरून आत आणलं, दोघांनाही बसवलं आणि मला विचारलं, "काकू, रिपोर्टचं तुमच्याशी बोलू का यांच्याशी?" संहितेत याचं उत्तर नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "त्यालाच सांगा. पण माझ्यासमोर." मुलगा झालेला नट खरोखरच रडला. त्यानंतर हे वाक्य आम्ही संहितेत घालून टाकलं.

असा दिवस अंगावर येतो. एकच प्रसंग पाठोपाठ कितीतरी वेळा करायचा म्हणजे तेवढ्या वेळा आपल्याला कॅन्सर झाल्याचं ऐकायचं. डोक्याला माहीत असतं, पोटाला नसतं. शेवटी आम्ही सगळे गोल बसतो, आपापलं खरं नाव मोठ्यानं सांगतो, आज घरी जाऊन काय स्वयंपाक करणार ते सांगतो. ज्याच्या घरात तोच आजार होऊन गेलाय त्याला ती भूमिका द्यायची नाही, असाही दंडक आहे. मधुमेह याला अपवाद, नाहीतर महाराष्ट्रात एसपी मिळणार नाहीत.

इंटर्न झालेली जुनी मुलं कधी भेटतात आणि म्हणतात, "मॅडम, ओपीडीत दीडशे पेशंट असतात, तुमचं ते सात मिनिटांचं कुठं जमायला?" खरं आहे. छत्तीस तास जागलेल्या रेसिडेंटला कुणी 'जेवलास का' विचारत नाही आणि त्यानं मात्र सुमनच्या घरचं विचारावं ही अपेक्षा मला स्वतःलाच ओशाळवाणी वाटते. 2009 साली मोहम्मदरेझा होजात आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातल्या विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षानुवर्षं मोजून दाखवलं, की ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे मुलं वॉर्डात पेशंटजवळ जाऊ लागतात तेव्हाच, घसरते. वॉर्डात ती मोठ्यांकडे बघून शिकतात. मग माझ्या खोलीत वर्षातून दोनदा शिकलेलं तिथं किती टिकणार? थोडं टिकत असेल. "कुणी उठायच्या आत का?" एवढं विचारायला मात्र सात मिनिटं लागत नाहीत.

सध्या माझं भांडण फॉर्मवरून चालू आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे मला एक तक्ता भरावा लागतो आणि त्यात 'कम्पॅशन: 0 ते 5' असा रकाना आहे. मी म्हणते, हा रकाना काढा. त्याऐवजी लिहा, लघवीचा रंग कळला का? घरी माहीत नाही हे कळलं का? कळलं असेल तर तो मुलगा कसा वागला हे त्यातच आलं, आणि नसेल कळलं तर त्याला पाच देऊन सुमनला काय उपयोग? विभागातल्या मॅडमना हे पटलेलं आहे. पण तक्ता वरून ठरून आलेला, तो बदलायला कमिटी बसावी लागते, आणि कमिटी अजून बसलेली नाही. तोवर मी तो रकाना कोरा ठेवते. मी गेल्यावर ऑफिसातला क्लार्क तिथं सगळ्यांना तीन-तीन घालतो, म्हणजे बेरीज अडत नाही.